खणातली कादंबरी

९ जानेवारी १९९०, मंगळवार. सकाळ.

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची मी अर्धवट सोडली होती, कारण रोजनिशीत खरं लिहिणं धोक्याचं होतं आणि खोटं लिहायला मासिकं होती. आता डिसेंबरातली क्रांती होऊन गेली, हुकूमशहा हेलिकॉप्टरमधून पळाला, सापडला, संपला. आता खरं तेच लिहायचं. निश्चय.

काल लेखक-भवनात सेप्तिमिऊ नावाचा एक पोरगेलासा इसम आला होता. दाढी, लांब मफलर, नवी प्रकाशन संस्था. प्रत्येक लेखकासमोर उभा राहून एकच प्रश्न: खणात काय आहे? म्हणजे इतकी वर्षं सेन्सॉरच्या भीतीने टेबलाच्या खणात दडवून ठेवलेलं काय आहे? आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. फरशी इतकी बारकाईने मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यातून काझिमिर म्हणाला, माझी एक कादंबरी आहे. काझिमिर! बाराही महिने ज्याचं नाक गळतं तो!

मग मीही म्हणालो, माझीही आहे.

हे खोटं नाही. कादंबरी आहेच. डोक्यात पूर्ण आहे. कागदावर उतरवायची तेवढी राहिलीय, आणि ती काय, हमाली.

संध्याकाळ. खण उघडून पाहिला. मेणबत्त्यांचे तुकडे, लोणच्याच्या बरण्यांची रबरं, इस्त्रीची मोडकी पिन, पक्षाच्या अधिवेशनात भेट मिळालेलं पेन. पेन चालत नाही.

१० जानेवारी

सकाळी पाव आणायला निघालो. कोपऱ्यावर रांग दिसली, सवयीने उभा राहिलो. बराच वेळाने पुढच्या बाईला विचारलं, काय आलंय, लोणी का? ती म्हणाली, लोणी कुठलं, पेपर आलाय. आमच्या यास शहरात लोक पेपरसाठी रांग लावायला लागले! पाव राहिला तो राहिलाच.

पण पेपरात मी होतो. दुसऱ्या पानावर. ‘खणातलं साहित्य: १८ मार्चला लेखक-भवनात जाहीर वाचन. तेओफिल बुर्लाकु आणि काझिमिर नेग्रुत्सान आपापल्या दडवलेल्या कादंबऱ्यांतून वाचतील.’ माझं नाव आधी. सेप्तिमिऊला पारख आहे.

आता खरी गोष्ट. इलिंकाने तो पेपर विद्यापीठात पाहिला आणि तास सोडून पळत घरी आली. दारातच गळ्यात पडली. माझी मुलगी! सातवीत असताना तिच्या वर्गात माझ्या ‘उजळ बंधारा’ या कादंबरीतला सिमेंट ओतण्याचा उतारा पाठ करायला लावला होता. त्या दिवसापासून ती बाहेर सांगते, बाबा हिशेबनीस आहेत. आठ वर्षं मी हिशेबनीस होतो. आज म्हणाली, बाबा, तू लिहीत होतास आणि मला कळूही दिलं नाहीस! आणि मी तुला काय काय समजत होते!

काय काय, ते मी विचारलं नाही.

तिच्या पाठीवर थोपटत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कादंबरी लिहिलीच पाहिजे. रोज पाच पानं. रविवारी दहा.

१२ जानेवारी

सुरुवात दमदार. टेबल भिंतीकडून खिडकीपाशी आणलं. सगळ्या पेन्सिलींना टोक केलं.

खण रिकामा कर म्हणून बायकोला, झेनोवियाला, सांगितलं. लेखकाच्या खणात मेणबत्त्या शोभत नाहीत. ती म्हणाली, मग वीज गेली की तुझ्या कादंबरीला काडी लावू का? मी म्हणालो, अगं आता क्रांती झाली, वीज कशाला जाईल? ती म्हणाली, क्रांती त्या टीव्हीवर झाली, फ्यूज आपल्या जिन्यात आहे.

बावीस वर्षं संसार केला, पण दृष्टी आली नाही बाईला. शिवाय तिला ठाऊक आहे की खणात काय होतं. रोज तीच उघडते. गप्प बसेल असं वाटतं. इलिंकासमोर तरी बसेल.

टेबल पुन्हा भिंतीकडे नेलं. खिडकीतून फार दिसतं.

२० जानेवारी

पहिलं वाक्य झालं: ‘अभियंता पावेल खिडकीपाशी उभा होता आणि मनातल्या मनात त्याचा विरोध होता.’

लिहिलं आणि छातीत धडधडायला लागलं. उठलो. पडदे ओढले. रेडिओ मोठा केला, मोरीतला नळ सोडला, फोनवर उशी ठेवली. पूर्वी घरात मनातलं काही बोलायचं तर हे सगळं करावंच लागे, भिंतींना कान होते. आता कान गेले असं म्हणतात. पण कान गेले तरी भिंती आहेतच. नळ चालू असल्याशिवाय माझ्याच्याने विरोध लिहवत नाही.

झेनोविया आली, नळ बंद करून गेली. वाक्य खोडलं.

नवीन वाक्य: ‘अभियंता पावेल खिडकीपाशी उभा होता.’ यात ताकद जास्त आहे. जाणकाराला कळतं की माणूस उगीच खिडकीपाशी उभा राहत नाही.

२३ जानेवारी

सेप्तिमिऊने म्हणे तीनदा फोन केला. उशीखाली ऐकू आला नाही. आज रस्त्यात भेटला. मी चुकून त्याला कॉम्रेड म्हणालो. तो हसला. मी साहेब म्हणालो, तर आणखी हसला. पानं किती झाली म्हणून विचारत होता. मी म्हणालो, झाली काय विचारतोस, ती ८५ सालीच झालीत, आता फक्त बाहेर काढायची. तो म्हणाला, मग उद्या आणून द्या ना. मी म्हणालो, गावी पुरून ठेवलीत, जमीन गोठलीय, वसंतात निघतील.

हे मला ऐन वेळी सुचलं. अशी प्रतिभा ज्याच्याकडे आहे त्याला कसली चिंता?

३ फेब्रुवारी

हिवाळ्यावरचं प्रकरण अडलंय. ८५ सालची थंडी लिहायचीय. तेव्हा आम्ही घरात ओव्हरकोट घालून जेवत होतो, हातमोजे घालून पानं उलटत होतो. पण आता नव्या सरकारने हीटिंग असं सोडलंय की रेडिएटरला हात लावला तर भाजतो. बनियनवर बसून थंडी कशी लिहायची? स्वातंत्र्याने लेखकांची फार गैरसोय केली आहे.

उपाय काढला. ओव्हरकोट, टोपी, टाइपरायटर घेऊन बाल्कनीत बसलो. अस्सल अनुभव. समोरच्या इमारतीतली म्हातारी खिडकी उघडून ओरडली, घरातून हाकललं का रे बायकोने?

४ फेब्रुवारी

ताप.

५ फेब्रुवारी

ताप. लिंडेनच्या फुलांचा चहा. काझिमिर भेटायला आला आणि माझ्यापेक्षा जास्त शिंकला. त्याची कादंबरी आईच्या तळघरात कोबीच्या पिंपात, मेणकापडात गुंडाळून ठेवली होती म्हणे. वरून खारवलेला कोबी. आता काढली, तर पानांना असा वास आहे की वाचताना भूक लागते. सांगताना ओशाळल्यासारखा हसत होता. त्याला एकच काळजी, मोठ्याने वाचताना नाक वाहिलं तर काय.

मी म्हणालो, माझी बागेत आहे, सफरचंदाच्या झाडाखाली. झेनोविया चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, कुणाच्या बागेत?

तापात माणसाने काही बोलू नये.

१४ फेब्रुवारी

आता गाडी रुळावर! रूपक सापडलं. हुकूमशहाचं नाव घ्यायचं नाही, तो माळी दाखवायचा. एक दुष्ट माळी, सगळ्या गावाची बाग त्याच्या ताब्यात, झाडं हवी तशी छाटतो, फुलांना रांगेत उभं करतो. सेन्सॉरला कळू नये म्हणून असंच लिहायला लागे. सेन्सॉर आता नाही हे खरं, पण ८५ साली होता ना! मी ८५ सालचीच कादंबरी लिहितोय.

आज सात पानं. वाघ आहे मी.

१७ फेब्रुवारी

माळी थोडा एकांगी होतोय. पात्राला दोन बाजू हव्यात, नाहीतर टीकाकार खातात. म्हणून त्याला एक आजारी आई दिली.

२१ फेब्रुवारी

माळी पहाटे उठतो, इतरांच्या आधी. हे मला दाखवावंच लागलं, बागेतलं काम पहाटेच असतं. एका प्रसंगात तो पावसात भिजून रोपं वाचवतो. लिहिताना मीच रुमाल शोधला. अभियंता पावेल अजून खिडकीपाशीच आहे.

रांगेचा एक प्रसंग लिहिला होता, चीजसाठी पहाटेपासून उभ्या असलेल्या बायका. वाचून पाहिला तेव्हा फार उदास वाटला. उदास या शब्दाला पूर्वी कायम सेन्सॉरची लाल पेन्सिल लागायची. कुणी न सांगता मी ‘विचारमग्न’ केलं. मग रांगच काढली आणि त्या बायका सहलीला पाठवल्या.

कलाकृती आपला मार्ग आपण शोधते. लेखकाने फक्त मागून चालायचं.

१ मार्च

वसंताचा पहिला दिवस. इलिंकाने सकाळीच माझ्या कोटाला लाल-पांढऱ्या धाग्याचं मार्त्सिशोर टोचलं. इकडे मोल्दोवाकडे मुली पुरुषांनाही देतात, पण गेल्या कित्येक वर्षांत तिने मला दिलं नव्हतं. म्हणाली, बाबा, वाचनाच्या दिवशीही लावून ये. माझ्या वर्गातले सगळे येणारेत.

सगळे म्हणजे किती, मी विचारलं. ती म्हणाली, सगळे म्हणजे सगळे.

मग म्हणाली, डिसेंबरात आम्ही चौकात जमायला निघालो होतो ना, तेव्हा मला फार भीती वाटत होती. वाटलं, मी घाबरटाची मुलगी आहे, मला कसं जमणार. आता वाटतं, तू लिहीत होतास हे तेव्हा मला ठाऊक असायला हवं होतं.

ती गेल्यावर मी बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घातल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं.

कादंबरी महान होणारच आहे. मग हे सगळं आपोआप खरं होईल. काळ थोडा मागेपुढे, एवढंच.

६ मार्च

हस्तलिखित पूर्ण! शेवटी माळ्याने भेट दिलेल्या गुलाबाकडे पाहून पावेल खिडकी लावून घेतो. जबरदस्त प्रतीक. कशाचं ते वाचक ठरवतील.

आता कागद जुना दिसायला हवा. फार पांढरा आहे. पूर्वी असा पांढरा कागद मंत्र्यांनासुद्धा मिळत नव्हता. लिंडेनचा चहा परातीत ओतून एकेक पान बुडवलं आणि दोरीवर वाळत घातलं. झेनोविया बाजारातून आली. स्वयंपाकघरभर अभियंता पावेल लटकत होता. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती खाली बसली आणि म्हणाली, तेओ, पोरीला सांगून टाक. मी सांगू का? ती तुझी मुलगी आहे, खाणार नाही तुला.

मी म्हणालो, सांगायचं काय आहे? कादंबरी समोर लटकतेय.

ती म्हणाली, तेच ना. आणि पानं बाजूला सारून बटाटे सोलायला बसली.

पानांना फुलांचा वास येतोय. पुरून ठेवलेल्या कादंबरीला फुलांचा वास का, असं कुणी विचारलं तर? बागेत पुरली होती. सुटला प्रश्न.

१० मार्च

झोप नाही. काझिमिरकडे कोबीचं पिंप आहे, म्हणजे पुरावा आहे. माझ्याकडे काय? ८५ साली सेन्सॉरने कादंबरी नाकारली, असं एखाद्याने उठून सांगितलं तर बाकीच्यांची तोंडं बंद होतील. आणि असा माणूस आमच्याच इमारतीत, पलीकडच्या जिन्याला राहतो. निकानोर साहेब! बावीस वर्षं संस्कृती कार्यालयात आमची हस्तलिखितं तपासली. शहरातल्या प्रत्येक कादंबरीतली काही पानं त्यांनी खाल्लीत. आता घरी बसलेत, कुणी ओळख देत नाही. माझ्यासारख्याने हात पुढे केला तर बिचारा उपकारच मानेल.

११ मार्च

गेलो. निकानोर साहेब दह्याच्या रिकाम्या बरण्यांत टोमॅटोची रोपं लावत होते. सगळ्या खिडक्या बरण्यांनी भरलेल्या. मला बघून हातातली बरणी छातीशी धरून मागे सरकले. वाटलं असेल की मारायला आलाय. मी प्लमच्या दारूची बाटली काढली तेव्हा बसले.

आडवळणाने सांगितलं. साहेब, तुम्ही पूर्वी माझी एक कादंबरी नाकारली होती, आठवतं का? ते म्हणाले, तुमची? तुमची कधीच नाकारली नाही. तुमच्यासारखा लेखक मिळणं म्हणजे आम्हाला सुट्टी. मी म्हणालो, ही वेगळी होती, तुम्हाला आठवत नसेल. ते म्हणाले, मला सगळ्या आठवतात, तोच तर त्रास आहे.

शेवटी सरळच मागितलं. १८ तारखेला या, उभे राहा, आणि फक्त म्हणा की ही कादंबरी आम्ही अडवली असती. झालेलं नाही, पण झालं असतं. यात खोटं काय आहे?

त्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, हस्तलिखित ठेवून जा. न वाचता मी आयुष्यात काही नाकारलेलं नाही. लोक मला काय वाटेल ते म्हणोत, तेवढी एक अब्रू माझ्याकडे आहे.

ठेवून आलो. कार्बन प्रतच ठेवली, चहात बुडवलेली पानं घरी आहेत. बाईला सांगितलं नाही, हात दाखवून अवलक्षण म्हणेल.

१५ मार्च

निकानोर साहेबांचा निरोप नाही. त्यांच्या जिन्याखालून पाच-सहा चकरा मारल्या. खिडकीत टोमॅटो वाढलेत.

मौन म्हणजे संमती.

१६ मार्च

की नाही?

१८ मार्च, रविवार. सकाळ.

दाढी केली. कापलं. दुसरीकडे कापलं. इलिंका म्हणाली, बाबा, शांत हो, तू यापेक्षा कठीण दिवस काढलेस. मार्त्सिशोर लावलं. झेनोविया तिचा लग्नसमारंभातला ड्रेस घालून तयार आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

आज रात्री मी हिशेबनीस नसेन.

१९ मार्च, सोमवार

लिहायचं नव्हतं. पण खरं तेच लिहायचा निश्चय आहे, म्हणून थोडक्यात.

दालन खच्चून भरलेलं. पोरं खिडक्यांवर चढून बसलेली. आधी काझिमिर वाचायला उठला. आई दुधासाठी रांगेत उभी आहे, रांगेतच मरते, आणि मागची माणसं तिची जागा जाऊ नये म्हणून तिला दुकानाच्या दारापर्यंत उभीच धरून नेतात. एवढंच. पानांचा कोबीचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. काझिमिरचं नाक गळत होतं, पण काल सगळ्यांचंच गळत होतं. झेनोवियाने माझा रुमाल घेतला.

मग मी. माळ्याचं प्रकरण निवडलं होतं. घसा ठीक होता, आवाज चांगला लागला. माळी पहाटे उठतो इथे कुणीतरी खोकलं. माळी भिजतो इथे मागच्या बाजूला लेखक-संघाचे एक जुने सदस्य सवयीने टाळ्या वाजवायला लागले, ताला-सुरात, पूर्वी सभांमध्ये वाजवायचो तशा. आणखी चार जणांचे हात आपोआप जुळले. मग दचकून थांबले. माळ्याला गावकरी ‘आमच्या बागेचा सूर्य’ म्हणतात हे मी लिहिलं कधी, मला आठवत नाही. पण पानावर होतं, वाचावं लागलं.

वाचन संपलं. सेप्तिमिऊने विचारलं, कुणाला काही बोलायचंय? आणि मागून निकानोर साहेब उठले. सगळं दालन वळलं. मी हसलो. वाटलं, आला, देवासारखा आला.

ते म्हणाले, मी बावीस वर्षं लाल पेन्सिल चालवली, त्याची लाज मला आहे, त्यावर कुणाला बोलायचं असेल त्याने बोलावं. पण बुर्लाकु साहेबांची कादंबरी आमच्यामुळे अडली, असं इथे वाटत असेल तर ते माझ्या माथी नको. मी ती दोनदा वाचली. आली असती तर त्याच दिवशी सही केली असती. एक स्वल्पविरामही काढला नसता. माळी तर मला फार आवडला. उलट मीच सुचवलं असतं की थोडी तक्रार घाला, नाहीतर लोकांना संशय येतो.

आणि बसले. टोमॅटोवाला!

आधी एक पोरगा हसला, मग खिडक्या हसल्या, मग सगळं दालन. सेप्तिमिऊसुद्धा मफलरमध्ये तोंड लपवून. इलिंकाच्या वर्गातले सगळे होते. सगळे म्हणजे सगळे. ती पहिल्या रांगेत होती. तिला हसू आलं नाही. ती माझ्या कोटावरच्या धाग्याकडे बघत होती. मग उठून उभी राहिली आणि एकटीच टाळ्या वाजवायला लागली. हसणारे गप्प झाले. ती वाजवत राहिली. मी तिला थांब म्हणायला हवं होतं. मला ते हसणं सहन झालं, पण त्या टाळ्या झाल्या नाहीत.

तिघं चालतच घरी आलो. झेनोवियाने वाटेत माझा हात धरला, बर्फ नसताना.

२२ मार्च

सेप्तिमिऊ भेटला. काझिमिरची कादंबरी छापायला घेतोय. मला म्हणाला, तुमचं व्याकरण चांगलं आहे, काझिमिरची प्रुफं बघाल का?

नकार दिला. लेखक आहे मी.

२४ मार्च

प्रुफं घेऊन आलो. बघायला काय जातंय? काझिमिरला अर्धविराम कळत नाही.

३१ मार्च, शनिवार

वसंत आला. चौकातल्या चेरीला मोहोर आहे. आज मार्त्सिशोर काढून फांदीला बांधायचा दिवस. इलिंका म्हणाली, चल बाबा, बांधून येऊ. वाचनानंतर पहिल्यांदाच नीट बोलली. बांधताना, गाठीकडे बघत, म्हणाली की वर्गात मी सगळ्यांना सांगितलंय. चांगली पानं, खरी पानं, बाबाने ८५ सालीच भीतीने जाळली. त्या दिवशी वाचलं ते नुसतं उरलंसुरलं होतं. त्यांना पटलं, बाबा. काही जणांना वाईटही वाटलं.

मी गाठ आवळली. परतीच्या वाटेवर मला आठवायला लागलं. खरंच की! जाळलीच होती. जानेवारी होता. बाहेर बर्फ पडत होतं.  एकेक पान आगीत जात होतं आणि शब्द क्षणभर लाल होऊन दिसत होते. इतकं स्पष्ट आठवणारी गोष्ट झालेली नसेल कशी?

संध्याकाळी जेवताना सगळं सांगितलं. ज्वाळांचा भाग दोनदा सांगितला. झेनोविया मक्याच्या पिठाची मामालिगा वाढत होती, हातातला डाव तसाच राहिला. म्हणाली, कशात जाळलीस?

मी म्हणालो, कशात म्हणजे, आगीत.

ती म्हणाली, कुठल्या आगीत? या घरात शेगडी नाही, चूल नाही, रेडिएटर आहे. आणि ८५ सालच्या जानेवारीत तो मढ्यासारखा गार होता. गॅस इतका मंद यायचा की अंडं उकडायला मी दोन तास उभी राहायचे. तुझं एक पान तरी पेटलं असतं का त्याच्यावर?

झेनोवियाने डाव पातेल्यात ठेवला. मग इलिंका ताटात बघत म्हणाली, बाल्कनीत जाळली असतील, आई. बादलीत.

माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलते. न अडखळता. माझ्याहून कितीतरी चांगलं. त्यापेक्षा तिने मला आणखी आठ वर्षं हिशेबनीस म्हटलं असतं तर बरं झालं असतं. सांगणार होतो, की पोरी, ना बाल्कनी, ना बादली, काही नव्हतंच. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वीज गेली.

झेनोविया अंधारात म्हणाली, बघ! फ्यूज. खणातून मेणबत्ती आण.

चाचपडत गेलो. मेणबत्त्या सगळ्या परत तिथेच होत्या, रबरंही, इस्त्रीची पिनही. काडी ओढली. मेण सांडून लाकूड खराब होऊ नये म्हणून तिने खणाच्या तळाशी माझं हस्तलिखित अंथरलंय. सगळं, पहिल्या पानापासून. अजून लिंडेनचा वास येतो.

आता कुणी विचारलं की खणात काय आहे, तर मला खोटं बोलावं लागणार नाही.